एका पागेची दोन लष्करे

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. फलाटावरून दक्षिणेकडे, इमारतींच्या मधून फट मिळाली, तर मलंगगडाचा सुळका दिसतो. पाऊस सरून हवा धुतलेली असली की अगदी रेखीव. आपल्यापैकी बहुतेकांना तो हाजी मलंगच्या यात्रेमुळे ठाऊक. १७८०च्या ऑगस्टमध्ये याच गडाच्या माचीवर मुंबईच्या इंग्रजांचे शिपाई अडकून पडले होते. वर बालेकिल्ल्यात मराठे, खाली पायथ्याशीही मराठे. हे शिपाई तिथवर का आले, याचे उत्तर शोधायला सात वर्षे मागे आणि घाट चढून शनिवारवाड्यात जावे लागते.

शाळेत आपण या काळाला पहिले इंग्रज-मराठा युद्ध म्हणतो. नाव खोटे नाही, पण अर्धे आहे. आधी ती पेशव्यांच्या घरातली यादवी होती. साध्या मराठीत, भाऊबंदकी. खाडिलकरांनी १९०९ साली याच प्रकरणावर नाटक लिहिले, तेव्हा त्यांना दुसरे नाव शोधावे लागले नाही. नाटकात रामशास्त्री असतात, आनंदीबाई असते, ‘ध’चा ‘मा’ होतो. फौजा मात्र पडद्यामागेच राहतात. इथे त्या फौजांकडे पाहू: कोण कोणाकडून लढले, त्यांना पगार कोण देत होते, आणि एकाच राज्याची फौज दुभंगते तेव्हा ती नेमकी कुठल्या शिवणीवर उसवते.

भांडण थोडक्यात

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गेले. धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी वाड्यातच गारद्यांनी त्यांना मारले. चुलते रघुनाथराव, म्हणजेच दादासाहेब, पेशवे बनले. साताऱ्याहून त्यांना रीतसर वस्त्रेही आली. पण नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे अशा मुत्सद्द्यांनी आणि सरदारांनी तिला पुरंदरावर नेले आणि तिच्या नावाने कारभार चालू केला. हेच बारभाई. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या बाळाला, सवाई माधवरावाला, पेशवाईची वस्त्रे मिळाली.

म्हणजे आता दोन पेशवे झाले. दोघांची वस्त्रे साताऱ्याचीच. एक चाळिशीचा, अटकेपर्यंत घोडे नेलेला, दुसरा पाळण्यातला.

फौज बांधलेली कशी असे

आजच्या लष्कराचे चित्र मनातून काढल्याशिवाय पुढचे समजत नाही. पेशव्यांची फौज म्हणजे एका गणवेशातली, एका पगारपत्रकावरची फौज नव्हती. चार-पाच निरनिराळ्या तऱ्हांनी जमवलेली माणसे दसऱ्याला एकत्र येत, सीमोल्लंघन करत, आणि पावसाच्या आधी पांगत.

मधोमध असे हुजुरात, म्हणजे खुद्द पेशव्यांची फौज. तिच्यात सरकारी पागा. पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा सरकारचा, चाऱ्याचा आणि नालाचा खर्च सरकारचा, माणूस फक्त स्वार. शिलेदार वेगळा. तो आपला घोडा आणि आपले हत्यार घेऊन यायचा, त्यामुळे त्याचा पगार जास्त आणि मिजासही जास्त. पण घोडा मेला तर नुकसान त्याचेच. शिलेदाराच्या घरची सगळी पुंजी त्या चार पायांवर उभी असे, हे ध्यानात ठेवले की अनेक लढायांत मराठी स्वार बाणाच्या टप्प्याबाहेर का घुटमळतात, हे कळते. त्याला भित्रेपणा म्हणणारे इंग्रज लेखक स्वतः कंपनीच्या घोड्यावर बसलेले होते.

हुजुरातीच्या भोवती सरंजामी सरदारांची पथके. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले, पटवर्धन, रास्ते, विंचूरकर. सरदाराला मुलूख तोडून दिलेला असे; त्याच्या वसुलातून त्याने ठरावीक स्वार बाळगायचे आणि हुकूम येताच हजर व्हायचे. ही माणसे पेशव्यांना ओळखत नसत. ती ओळखत आपल्या सरदाराला, कारण दाणागोटा तोच देई.

हे सगळे फसवणुकीला मोकळे रान होते आणि पुण्याला ते पक्के ठाऊक होते. म्हणून हजिरी घेतली जाई. स्वाराचा चेहरा, म्हणजे नाव, बाप, गाव, अंगावरच्या खुणा, लिहून ठेवत. घोड्याला डाग देत. तरीही हजिरीच्या दिवशी शेजारच्या पथकातून घोडे उसने आणण्याची चाल काही थांबली नाही. शिवाय मोठ्या सरदाराच्या दरबारी दिवाण, फडणीस, मुजुमदार असे दरकदार सरकारातून नेमलेले असत. सरदार कितीही जबर असो, त्याच्या वहीत काय लिहिले जाते ते पुण्याला कळण्याची ही सोय होती. नाना फडणिसांचे घराणे या साऱ्या वह्यांच्या मुळाशी बसलेले होते. पुढच्या आठ-नऊ वर्षांत ही गोष्ट कुठल्याही तोफेपेक्षा जड ठरली.

पायदळ आणि तोफखाना या मानाने लहान. तोफखाना पानशांकडे. लष्कराच्या मागून चाले तो बाजार आणि बुणगे: वाणी, नालबंद, सराफ, भिस्ती, बायकापोरे. धान्याचे तांडे वंजारी आणत. लष्कर जिथे उतरेल तिथे तासाभरात एक गाव उभे राही, आणि ते गाव उठल्याशिवाय लष्कर हलत नसे.

गारदी

पायदळात एक जात निराळी होती. गारदी हा शब्द फ्रेंचांच्या ‘गार्द’वरून आला. बंदूक आणि कवायत शिकलेले हे पगारी लोक: अरब, हबशी, रोहिले, पुरभय्ये, मिळेल तिथून. पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांनी त्यांची किंमत दाखवली होती. त्यांना मुलूख नाही, वतन नाही, सरदाराशी नाते नाही. महिन्याचा पगार हेच त्यांचे नाते. पगार थकला की तोही तुटे.

नारायणरावांवर चालून आलेले सुमेरसिंगाचे गारदी वाड्यात शिरले तेही थकलेल्या तलबेचे निमित्त करूनच. त्या काळात हे निमित्त कोणालाही खोटे वाटले नसते. तलबेसाठी धरणे धरून बसणे हा शिपायाचा रूढ हक्कच होता. दारात बसलेल्या गारद्यांना पाहून कुणी भुवई उंचावत नसे. यादवीतला पहिला रक्तपात असा पगाराच्या रांगेतून चालत आला.

उसवण

आता या फौजेचे दोन भाग करायचे. देशादेशांची युद्धे होतात तेव्हा हद्द आखलेली असते. इथे हद्द घरातून गेली.

नागपूरकर भोसल्यांत मुधोजी रघुनाथरावांच्या बाजूचे, त्यांचे भाऊ साबाजी बारभाईंच्या बाजूचे. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगावला दोघे समोरासमोर आले आणि साबाजी मारले गेले. बडोद्याला गोविंदराव गायकवाड दादासाहेबांकडे, तर त्यांचे भाऊ फत्तेसिंगराव बारभाईंकडे. फडणिसांच्या घरात नाना एका बाजूला आणि चुलतभाऊ मोरोबा दुसऱ्या. १७७८च्या वसंतात मोरोबांनी होळकरांच्या पाठिंब्यावर पुण्याचा कारभार काही महिने ताब्यातही घेतला. महादजी शिंदे नानांच्या बाजूला उभे राहिल्यावर ते बंड मोडले आणि मोरोबा कैदेत गेले.

यात तत्त्वाचा प्रश्न किती जणांना पडला असेल? थोड्यांना तरी नक्कीच पडला. पुतण्याच्या खुनाचा डाग रघुनाथरावांवर होता आणि रामशास्त्र्यांनी तो बोलून दाखवला होता. पण गायकवाड-भोसल्यांकडे पाहिले तर वेगळेच दिसते. तिथे भाऊ आधीपासूनच भांडत होते. पुण्याच्या भांडणाने त्यांना फक्त दोन छत्र्या दिल्या. एकाने ही घेतली म्हणून दुसऱ्याने ती. पेशव्यांची यादवी म्हणजे राज्यभरच्या अशा पंधरा-वीस भाऊबंदक्यांची मोळी होती, आणि त्यामुळेच कुठली बाजू कुठे सुरू होते ते नकाशावर दाखवता येत नाही.

शिंदे-होळकरांनी तर बराच काळ वजन कोणत्याच पारड्यात पुरते टाकले नाही. दोघांकडे निरोप जात, दोघांकडून निरोप येत. याला त्या काळच्या पत्रांत फंद-फितूर म्हणत. शब्दाला वास वाईट, पण सरदाराच्या जागी उभे राहून पाहिले तर त्याच्या पाठीमागे काही हजार पोटे होती, आणि चुकीच्या बाजूला उभे राहिले तर सरंजाम जप्त. वाट पाहणे हाही शहाणपणाच.

एक उदाहरण तर विलक्षणच आहे. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणारा एक तोतया रत्नागिरीला कैदेत होता. १७७६ साली तो सुटला आणि बघता बघता कोकणात हजारोंची फौज घेऊन हिंडू लागला. पगाराची हमी नाही, सरंजाम नाही, केवळ एका मेलेल्या माणसाचे नाव. दोन्ही पेशवे लोकांना किती अधांतरी वाटत असतील, याचे माप म्हणून मी या प्रकरणाकडे पाहतो. महादजी शिंद्यांनी त्याची फौज उधळली, पळताना तो कुलाब्याच्या आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात त्याचा शेवट झाला.

कासेगाव: तलवार जिंकते

पहिली मोठी लढाई पंढरपूरजवळ कासेगावला झाली, १७७४च्या मार्चमध्ये. विठोबाच्या दारातच म्हणा ना. बारभाईंची फौज अशा फौजा येतात तशीच येत होती, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी. त्रिंबकराव पेठे पुढे, हरिपंत मागे, दोस्तांची पथके त्याहून मागे. सरंजामी फौजेत प्रत्येक सरदार आपल्या सोयीने चालतो आणि वेळेवर पोहोचणे ही कृपा समजली जाते. रघुनाथराव जन्मभर असल्याच फौजा चालवत आले होते. त्यांनी मागची मंडळी जोडली जायच्या आत वळून पुढच्या तुकडीवर झडप घातली. त्रिंबकराव जबर जखमी होऊन हाती लागले आणि त्यातच गेले.

एवढा विजय मिळवून दादासाहेब पुण्याला गेले नाहीत. ते उत्तरेकडे, बुऱ्हाणपुरावरून नर्मदेपार निघाले. शिंदे-होळकर आपल्याला मिळतील, पैसा मिळेल, ही आशा. लढाई जिंकलेली फौजही पैशाच्या मागे चालत होती.

हिशेब जिंकतो

साडेतीन शहाण्यांच्या गोष्टीत नाना फडणिसांना अर्धे का म्हणतात? तलवार चालवत नाहीत म्हणून. या यादवीपुरते बोलायचे तर तो अर्धा वजा केलेला भाग फारसा लागलाच नाही.

शिलेदाराला मोहिमेला निघताना नालबंदी द्यावी लागे, म्हणजे घोडा, खोगीर, हत्यार सज्ज करायला उचल. मोहिमेत रोजमुरा द्यावा लागे. उरलेला हिशेब परत आल्यावर. हे पैसे येत मुलखाच्या वसुलातून आणि सावकारांच्या कर्जातून. कर्ज मिळे तेही पुढच्या वसुलाच्या भरवशावर. बारभाईंच्या हाती पुण्याचे दप्तर होते, मामलेदार होते, सावकार होते, आणि पाळण्यातल्या पेशव्याचा शिक्का होता. सरंजाम कायम ठेवायचा की जप्त करायचा, हे त्या शिक्क्यावर ठरे. रघुनाथरावांपाशी जरब होती, नाव होते, जवाहीर होते. जवाहीर एकदाच विकता येते.

बारभाईंचा सेनापती हरिपंत फडके मुळात कारकून. फडावरून उठून घोड्यावर बसलेला. त्याने रघुनाथरावांना लढाईने नव्हे तर पाठलागाने दमवले. पाठलागात रोज खर्च होतो, आणि तो दोन्हीकडे होतो. ज्याची पाठ खजिन्याला टेकलेली, तो टिकतो. १७७५च्या फेब्रुवारीत मही नदीकाठी हरिपंताने त्यांना गाठले आणि त्यांची फौज उधळली. रघुनाथराव खंबायतला पळाले, तिथून समुद्रमार्गे सुरतेला इंग्रजांकडे गेले. त्यांची पत्नी आनंदीबाई मागे धारच्या किल्ल्यात होत्या. तिथेच जानेवारीत त्यांना मुलगा झाला होता, बाजीराव.

भाड्याची पलटण

६ मार्च १७७५चा सुरतेचा तह या सगळ्या कथेतला सर्वांत स्वच्छ कागद आहे, कारण त्यात फौजेची किंमत लिहिलेली आहे. इंग्रजांनी अडीच हजार माणसे द्यायची. रघुनाथरावांनी त्यांच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये द्यायचे, हमी म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवायचे, आणि वसई व साष्टी द्यायची. भागाकार केला तर माणशी महिना साठ रुपये पडतात. साष्टीपुरती गंमत अशी की ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी आदल्या डिसेंबरातच लढून घेतला होता; तहाने त्यांनी आपल्या खिशातली वस्तू दुसऱ्याकडून भेट म्हणून घेतली.

ही तिसरी फौज बांधणीने वेगळी होती. मुंबई सरकारने १७६८ साली देशी शिपायांच्या कवायती पलटणी उभ्या केल्या होत्या. माणसे पुष्कळशी कोकणातली, म्हणजे हरिपंताच्या प्याद्यांच्या शेजारच्या गावची. फरक रक्ताचा नव्हता. बंदूक कंपनीची, कपडे कंपनीचे, पगार ठरल्या तारखेला, आणि सुभेदारापासून कर्नलपर्यंत प्रत्येकाचा वरिष्ठ कोण ते लिहिलेले. पलटणीचा प्रमुख बदलला तरी पलटण तीच राही. सरंजामी पथकात सरदार गेला की पथकाचे काय होईल ते त्याच्या मुलांचे आपसात कसे आहे यावर.

कंपनीचीही बांधणी निर्दोष नव्हती. १७७८च्या अखेरीस रघुनाथरावांना घेऊन मुंबईहून पुण्यावर फौज निघाली तेव्हा तिचा हुकूम एका सेनापतीकडे न देता तिघांच्या समितीकडे दिला होता. फौज सुमारे ३,९०० आणि ओझ्याचे बैल १९,०००. माणशी जवळजवळ पाच बैल! पनवेलहून निघून बोरघाट चढून, पुढच्या गावांत धान्य आणि चारा जाळला जात असलेला पाहत ही मिरवणूक तळेगावपर्यंत पोहोचली आणि परत फिरताना वडगावला कोंडली गेली. जानेवारी १७७९मध्ये तिने तह लिहून दिला. रघुनाथराव महादजींच्या स्वाधीन झाले आणि काही महिन्यांत पहाऱ्यातून निसटून पुन्हा गुजरातेत इंग्रजांकडे गेले.

आपला कोण, परका कोण

पण त्याआधीची, अडासची लढाई सांगायला हवी. फौजा एकाच पागेतल्या असल्या की काय होते, ते तिथे दिसले. गुजरातेत आणंदजवळ अडास गावी १८ मे १७७५ रोजी कर्नल कीटिंगची फौज रघुनाथरावांना घेऊन चालली होती. पुढे-मागे आणि बाजूंना दादासाहेबांचे स्वार. हरिपंताचे स्वारही आसपास घोंगावत होते. पागोटे तेच, घोडे तेच, भाले तेच, शिव्याही त्याच. इंग्रजी रांगांजवळ आलेल्या एका जमावाला आपलेच समजून येऊ दिले गेले आणि तो नेमका बारभाईंचा निघाला. पुढच्या गोंधळात इंग्रजांचे दोनशेहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले, त्यांत गोरे अंमलदार पुष्कळ. शेवटी तोफांच्या जोरावर मैदान त्यांच्याकडे राहिले.

जरीपटका ज्याच्याकडे तो सरकारी फौजेचा सेनापती, हे ठीक. पण धुरळ्यात पटका दिसत नाही. लाल डगल्यातला शिपाई मात्र कोसावरून ओळखू येतो. गणवेशाची गरज शत्रूपेक्षा भावाशी लढताना जास्त लागते, हे कीटिंगच्या माणसांना त्या दिवशी समजले असेल.

लढाई जिंकूनही पुण्याची वाट मोकळी झाली नाही. रघुनाथरावांचे स्वतःचे लोक थकलेली बाकी मिळाल्याशिवाय पुढे हलायला तयार नव्हते. भाड्याची पलटण सज्ज आणि घरची फौज धरणे धरून. मग कलकत्त्याच्या सरकारने मुंबईकरांचे कान उपटले आणि १ मार्च १७७६ला पुरंदरचा तह झाला. त्यात रघुनाथरावांनी फौज मोडायची आणि कोपरगावला राहायचे असे ठरले: महिना पंचवीस हजार रुपये आणि सोबत एक हजार स्वार. पंचवीस हजार म्हणजे इंग्रज पलटणीच्या महिन्याच्या भाड्याचा सहावा हिस्सा. हा तह कोणीच मनापासून पाळला नाही.

कल्याण, मलंगगड, दुगाड

वडगावनंतर भांडण घरातून बाहेर पडले. रघुनाथराव आता निमित्त उरले होते. लढत होते नाना-महादजी आणि इंग्रज. आणि युद्ध आपल्या अंगणात आले.

मुंबई बेटाला धान्य हवे, वसुलाचा मुलूख हवा आणि घाटाच्या वाटांची तोंडे हवीत. कल्याणात हे तिन्ही होते. १७८०च्या मे महिन्यात कॅप्टन रिचर्ड कॅम्पबेल तिथे ठाण मांडून बसला. नानांनी कल्याण परत घ्यायला मोठी फौज पाठवली. वेढ्याला रंग चढत असताना २४ मेच्या रात्री कर्नल हार्टले मदतीला येऊन पोहोचला आणि मराठ्यांचा तळ उठला.

मग पावसाळ्यात मलंगगड. मराठी स्वारांचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो, हे हेरून कॅप्टन ॲबिंग्टनने ऑगस्टमध्ये गडावर चाल केली. खालची माची हाती आली, बालेकिल्ला नाही. गडाच्या त्या उभ्या कातळाकडे नुसते पाहिले तरी कारण कळते. तो माचीवर बसून राहिला आणि खालून त्यालाच वेढा पडला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हार्टलेनेच येऊन सोडवले. इंग्रजांची कल्याणची सारी कहाणी म्हणजे हार्टले कुणाला तरी सोडवायला धावतो आहे, अशी आहे.

तिसरे ठिकाण भिवंडी तालुक्यातले दुगाड, वज्रेश्वरीच्या वाटेवर. जनरल गॉडर्ड वसईला वेढा घालून होता आणि त्याच्या पाठीवर कुणी येऊ नये म्हणून हार्टले दुगाडच्या टेकड्यांवर उभा होता. रामचंद्र गणेश मोठी फौज घेऊन त्याच्यावर आले. हे उत्तरेतल्या मोहिमा केलेले जुने सरदार. त्यांच्याकडे नोरोन्हा नावाचा एक पोर्तुगीज अंमलदार होता, तोफा आणि पायदळ त्याच्या हाताखाली. ही फौज नुसती घोड्यांची नव्हती. इंग्रजांचा धडा घ्यायला मराठ्यांनी सुरुवात केली होती. १२ डिसेंबरच्या सकाळी दाट धुक्यातून हल्ला अगदी जवळ आला, आणि धुके एकाएकी विरले. समोर इंग्रजांच्या तोफा भरून तयार. रामचंद्र गणेश तिथेच पडले, नोरोन्हा जखमी झाला, आणि नेता पडताच फौज मागे फिरली. वसई आदल्याच दिवशी पडली होती, त्यामुळे या लढाईने ती वाचणार नव्हतीच.

पुढच्या वर्षी गॉडर्ड बोरघाटाच्या माथ्यापर्यंत चढला. तिथे मात्र त्याला जुन्या पद्धतीची फौज भेटली. परशुरामभाऊ पटवर्धन, हरिपंत, तुकोजी होळकर समोर उभे न राहता त्याच्या मागच्या रसदेवर तुटून पडत राहिले. पनवेलहून वर जाणारा प्रत्येक तांडा लढून न्यावा लागला. एप्रिल १७८१मध्ये त्याला घाट उतरावा लागला आणि उतरताना जबर मार खावा लागला. आठ वर्षांपूर्वी दोन गटांत विभागलेली हीच पथके आता एका बाजूला होती. होळकरसुद्धा.

सालबाईनंतर

१७ मे १७८२ला महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. वसई आणि कल्याण पेशव्यांना परत, साष्टी इंग्रजांकडे कायम. रघुनाथरावांना तेच पंचवीस हजार आणि तेच कोपरगाव. तिथे ११ डिसेंबर १७८३ रोजी ते वारले. धारच्या किल्ल्यात जन्मलेला त्यांचा मुलगा पुढे शेवटचा पेशवा झाला.

साष्टी इंग्रजांकडे राहिली म्हणजे ठाणे त्यांच्याकडे, कल्याण पेशव्यांकडे, आणि मधली खाडी ही हद्द. १७८२पासून पुढे १८१७च्या तहात उत्तर कोकण कंपनीला मिळेपर्यंत, पस्तीस वर्षे, कल्याणच्या माणसाला ठाण्याला जायचे तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जावे लागे. आज विठ्ठलवाडीहून मुंबईची गाडी धरली की कळव्यानंतर ती पुलावर येते, खालून खाडी जाते, आणि दारात उभे असलेले लोक ठाण्याला उतरायला पुढे सरकू लागतात.